केंब्रिज की पॅसाडिना?

तराजूच्या एका पारड्यात किलोभर साखर आणि दुसऱ्यात किलोभर लोखंड ठेवले तर काटा मधोमध उभा राहतो. वाण्याच्या तराजूने एवढेच कळते, की दोन्ही जवळजवळ सारखी आहेत. त्यांतला दोन-चार मिलिग्रॅमचा फरक शोधायचा असेल, तर प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू हवा. पण चहात काय घालायचे आणि भिंतीत काय ठोकायचे, असा प्रश्न असेल तर कोणताच तराजू उपयोगी पडत नाही! दोन नामांकित विद्यापीठांतून एकाची निवड करणे हे पुष्कळसे असेच काम आहे.

उदाहरणासाठी आपण अमेरिकेतल्या दोन संस्था घेऊ. एक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी. ही बॉस्टन शहराला लागून, चार्ल्स नदीच्या पलीकडच्या काठावर केंब्रिज या गावी आहे. (इंग्लंडातले केंब्रिज वेगळे.) दुसरी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅल्टेक. ही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या शेजारी पॅसाडिना येथे आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत या दोन संस्थांची नावे इतक्या वेळा येतात, की ती आपल्याला ओळखीची वाटू लागतात. दोन्हीकडे शंभर अर्जदारांतून पाचांनाही प्रवेश मिळत नाही. आणि तरीही दरवर्षी मार्च महिन्यात काही मुलामुलींना दोन्हीकडून होकार येतो. एम.आय.टी. आपला निकाल १४ मार्चला जाहीर करते. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ती तारीख ३-१४ अशी होते. वेळ संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांची, म्हणजे पायची दुप्पट. आता या मुलांनी काय करावे?

तुम्ही म्हणाल, आमच्यापैकी किती जण तिथे जाणार? खरे आहे. पण बारावीनंतर बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था घ्यावी की पुण्याची आयसर, अशी अडचण तुमच्यातल्या काहींना पडेलच. दोन्ही पारडी जड असताना विचार कसा करायचा, ही रीत सगळीकडे एकच.

दोन पट्ट्या, दोन उत्तरे

पहिला मोह असतो तो क्रमांक पाहण्याचा. जगातल्या विद्यापीठांचे क्रमांक लावणाऱ्या दोन याद्या प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या क्यू.एस. नावाच्या यादीत २०१२ पासून एम.आय.टी. पहिली येत आली आहे. टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या यादीत मात्र २०११ ते २०१५ या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेल्या सर्व याद्यांमध्ये कॅल्टेक पहिली होती. म्हणजे तीच वर्षे, त्याच संस्था आणि पहिल्या क्रमांकावर दोघी!

प्रयोगशाळेत एकाच तारेची जाडी दोन स्क्रूगेजनी मोजली आणि उत्तरे वेगळी आली, तर तुम्ही काय कराल? आधी शून्यदोष पाहाल. तो नसेल तर दोन्ही उपकरणे एकच राशी मोजत आहेत का, हे पाहाल. इथे ती एकच राशी मोजत नव्हती. त्या वर्षांत क्यू.एस.च्या यादीत शंभरपैकी ४० गुण जगभरच्या प्राध्यापकांचे मत विचारून दिले जात. दुसऱ्या यादीत ३० गुण संशोधनलेखांचा इतरांनी किती उल्लेख केला यावर होते. मोठ्या संस्थेचे नाव जास्त लोकांना ठाऊक असणार, आणि लहान पण जबरदस्त संशोधन करणारी संस्था उल्लेखांच्या सरासरीत पुढे जाणार, हे उघड आहे. यांतली कोणतीच राशी "माझे तिथे कसे होईल?" ही नव्हे. तेव्हा क्रमांकांचा विचार इथेच सोडून देऊ.

एका घराण्यातल्या दोघी

एम.आय.टी.ची सनद १८६१ सालची. कॅल्टेक १८९१ साली एका छोट्या शाळेच्या रूपात सुरू झाली आणि आजचे नाव तिला १९२० मध्ये मिळाले. तिला घडवणाऱ्यांत जॉर्ज एलरी हेल हा खगोलशास्त्रज्ञ प्रमुख होता. पॅसाडिनाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या माउंट विल्सनवरची वेधशाळा त्याचीच. हा हेल एम.आय.टी.चा १८९० सालचा पदवीधर. त्याने रसायनशास्त्रासाठी आर्थर नॉइस यांना ओढून आणले. तेही एम.आय.टी.चे, काही काळ तिचे हंगामी अध्यक्ष राहिलेले. तेव्हा धाकटीच्या अंगात थोरलीचे रक्त आहे म्हणायला हरकत नाही. पुढे रिचर्ड फाइनमन १९३९ मध्ये एम.आय.टी.तून पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांची कारकीर्द गाजली ती कॅल्टेकमध्ये. १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी तिथल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली व्याख्याने आजही आम्ही शिक्षक मंडळी आदल्या रात्री उघडून बसतो.

आपल्याकडच्या माणसांचाही दोन्हीकडे वावर आहे. पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले टॉमस कैलाथ यांनी एम.आय.टी.तून १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे कॅल्टेकमधले नामवंत खगोलशास्त्रज्ञ.

शिक्षणाच्या दृष्टीने साम्य पुष्कळ आहे. दोन्हीकडे कलनशास्त्र आणि भौतिकशास्त्र कोणालाच चुकत नाही. जीवशास्त्राची आवड असो की अर्थशास्त्राची. दोन्हीकडे वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारखे विषयही सक्तीचे आहेत. एम.आय.टी.त याशिवाय पोहण्याची परीक्षा द्यावी लागते! पदवीच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत खरे संशोधन करू देण्याची पद्धत एम.आय.टी.ने १९६९ मध्ये रीतसर सुरू केली, कॅल्टेकने उन्हाळी सुट्टीतली अशीच योजना १९७९ मध्ये. दोन्हीकडे सुरुवातीचा काही काळ गुण न देता फक्त उत्तीर्ण की नाही एवढेच पाहतात. कॅल्टेकमध्ये पहिल्या दोन सत्रांत, एम.आय.टी.त पहिल्या सत्रात. असे का, ते पुढे येईलच.

फरक आहे तो वेगात आणि रुंदीत. कॅल्टेकचे सत्र दहा आठवड्यांचे, वर्षात तीन. एम.आय.टी.चे सत्र सुमारे चौदा आठवड्यांचे, वर्षात दोन, आणि मधला जानेवारी महिना मोकळा. त्यात कोणी यंत्रमानव बनवतो, कोणी काच फुंकायला शिकतो. दहा आठवड्यांच्या सत्रात तापाने आठवडाभर अंथरूण धरले, तर दहावा हिस्सा बुडाला. हे गणित किरकोळ वाटते, पण तिथल्या मुलांच्या आयुष्यात ते किरकोळ नसते. दुसरा फरक रुंदीचा. एम.आय.टी.त भौतिकशास्त्रासाठी गेलेला मुलगा दोन वर्षांनी अर्थशास्त्र, भाषाशास्त्र, स्थापत्य किंवा व्यवस्थापन यांपैकी कशाकडेही वळू शकतो आणि त्याला तिथेही पहिल्या प्रतीचा विभाग मिळतो. शिवाय शेजारच्या हार्वर्डमध्ये जाऊन काही विषय शिकण्याची सोय आहे. कॅल्टेकमध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकी यांतच खोल उतरायचे. अंतराळयाने पाठवणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी कॅल्टेकच चालवते. ज्याला ग्रह-ताऱ्यांचे वेड आहे, त्याला आणखी काय हवे?

कॅल्टेकच्या माहितीपत्रकात एक आकडा नेहमी भेटतो: दर तीन विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक. यावरून एकेका वर्गात तीन-तीन मुले बसतात असे समजू नका. प्राध्यापकांचा बराच वेळ संशोधनात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर जातो, आणि पहिल्या वर्षाची व्याख्याने मोठ्या सभागृहातच होतात. सरासरी ही फसवी बाई आहे. तरी त्या आकड्याचा अर्थ काहीच नाही असेही नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्राध्यापकाचे दार ठोठावण्याची वेळ येते, तेव्हा तो जाणवतो.

हजार आणि साडेचार हजार

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. मी मुद्दामच त्याला जास्त जागा देणार आहे. पालक आणि शिक्षक त्याविषयी फारसे बोलत नाहीत, बोललेच तर "तिथे काय मजा करायला जायचे आहे का?" एवढेच. पण चार वर्षे माणूस कोणाबरोबर जेवतो आणि रात्री अकरा वाजता गणित अडले की कोणाच्या दारावर टकटक करतो, हा अभ्यासाबाहेरचा प्रश्न नाही.

कॅल्टेकमध्ये पदवीचे विद्यार्थी सुमारे १,००० आहेत. आपल्याकडची एखादी बरी माध्यमिक शाळा याहून मोठी असते! एम.आय.टी.त ते सुमारे ४,५०० आहेत. या दोन संख्यांवरून काय काय निघते ते पाहा.

समजा, पाचशे तरुणांत एकाला तबला वाजवण्याचा नाद आहे. मग कॅल्टेकमध्ये सरासरीने असे दोघे असतील, एम.आय.टी.त नऊ. पण सरासरी सोडून शक्यता काढू. एक विद्यार्थी तबलजी नसण्याची शक्यता ०.९९८. हजारांपैकी एकही नसण्याची शक्यता ०.९९८ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ०.१३५. याचा अर्थ, सातांत जवळजवळ एकदा असे होईल की सगळ्या कॅल्टेकमध्ये तबला वाजवणारा कोणी नाही. साडेचार हजारांसाठी हाच हिशेब केला तर उत्तर ०.०००१२ येते, दहा हजारांत जेमतेम एकदा. (लॉगॅरिथमच्या कोष्टकाने करून पाहा.) जितकी आवड वेगळी, तितकी मोठी वस्ती सोयीची.

आता उलट बाजू. माणूस नावानिशी ओळखून ज्यांच्याशी बऱ्यापैकी संबंध ठेवू शकतो, अशांची संख्या दीडशेच्या आसपास असते, असा अंदाज रॉबिन डनबर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने मांडला आहे. त्यावर वाद आहेत, पण अंदाजापुरता तो घेऊ. हजारांतले दीडशे म्हणजे १५ टक्के. साडेचार हजारांतले दीडशे म्हणजे साडेतीन टक्केही नाहीत. म्हणून कॅल्टेकमध्ये तुमचे दोन मित्र एकमेकांचेही मित्र असण्याचा संभव पुष्कळ. सगळे सगळ्यांना ओळखतात. आजारी पडलात तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी डोकावेल. भांडलात तर तेच तोंड रोज भोजनगृहात समोर येईल! खेड्यात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. एम.आय.टी. हे शहर आहे. तिथे हरवून जाता येते, याचा फायदाही आहे आणि तोटाही.

कॅल्टेकची राहण्याची व्यवस्था 'हाउस' नावाच्या आठ वसतिगृहांभोवती गुंफलेली आहे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, रिवाज वेगळे. नवा विद्यार्थी सुरुवातीच्या दिवसांत घराघरांत फिरून जेवतो, पसंती कळवतो, आणि मग एका घराचा होतो. त्या संस्थेतला सर्वांत महत्त्वाचा नियम एका वाक्याचा आहे: दुसऱ्याचा गैरफायदा घ्यायचा नाही. यावर विसंबून परीक्षेचे कागद विद्यार्थ्याच्या हातात देतात. त्याने ते खोलीवर न्यायचे, घड्याळ लावून ठरलेल्या वेळेत सोडवायचे आणि आणून द्यायचे. पर्यवेक्षक नाही! आपल्याकडे परीक्षेच्या दिवशी भरारी पथके फिरतात हे मनात आणा. हजारांच्या वस्तीत, जिथे प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो, तिथे असा विश्वास टिकवणे तुलनेने सोपे आहे, असे मला वाटते. साडेचार हजारांत ते कठीण झाले असते.

खेळांचे म्हणाल, तर कॅल्टेकच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटातले ३१० सामने ओळीने हरून दाखवले. १९८५ नंतरचा पहिला विजय त्यांना २२ फेब्रुवारी २०११ रोजी एका गुणाने मिळाला. पण याचीही दुसरी बाजू आहे. हजारांतून संघ निवडायचा, म्हणजे ज्याने पूर्वी फारसा चेंडू हातात धरला नाही त्यालाही संघात जागा मिळू शकते.

खोड्या काढण्यात मात्र दोघी तुल्यबळ आहेत. १९५८ मध्ये एम.आय.टी.च्या मुलांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या नवागताला चार्ल्स नदीवरच्या पुलावर पुनःपुन्हा आडवा निजवून पुलाची लांबी मोजली. ती ३६४.४ स्मूट आणि एक कान एवढी भरली. स्मूटची उंची १७० सेंटिमीटर होती. पूल किती मीटर ते तुम्हीच काढा. मौज अशी, की हाच स्मूट पुढे प्रमाणे आणि मापे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला! २००५ मध्ये कॅल्टेकच्या मुलांनी एम.आय.टी.त नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या दिवसांत सदरे फुकट वाटले. पुढे एम.आय.टी.चे नाव, आणि घडी उलगडल्यावर पाठीवर मजकूर असा, की सगळ्यांनाच काही कॅल्टेकमध्ये जाता येत नाही. पुढच्याच वर्षी एम.आय.टी.वाल्यांनी सामान वाहून नेणाऱ्या कंपनीचे सोंग घेऊन कॅल्टेकची दीड टनाहून जड तोफ उचलली आणि चार हजार किलोमीटर दूर नेऊन पॅसाडिनाच्या दिशेला तोंड करून ठेवली.

मैत्री अंतराच्या व्यस्त प्रमाणात

मित्र कसे जुळतात, यावर एक प्रसिद्ध अभ्यास एम.आय.टी.च्याच आवारात झाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली होती. तिच्या एका भागात दुमजली इमारती होत्या, प्रत्येक मजल्यावर ओळीने पाच बिऱ्हाडे. कोणते बिऱ्हाड कोणाला, हे आधीच्या ओळखीवर ठरलेले नव्हते. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांना, तुमचे उठणे-बसणे कोणाकडे, असे विचारले. त्यांचे पुस्तक १९५० मध्ये निघाले. एकाच मजल्यावरच्या लोकांपुरते बोलायचे तर, अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के मित्र निघाले. एक दार सोडून पलीकडचे २२ टक्के, त्यापलीकडचे १६ टक्के, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाचे १० टक्के.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला असे आकडे दिसले की गप्प बसवत नाही. अंतर १, २, ३, ४ धरा आणि टक्क्यांना त्याने गुणा. उत्तरे येतात ४१, ४४, ४८, ४०. जवळजवळ स्थिरांक! म्हणजे न्यूटनचे गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, तर इथली मैत्री साध्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात. चार बिंदूंवरून नियम सांगता येत नाही, तेव्हा परीक्षेत हे लिहू नका. पण दोन दारांतले अंतर सहा मीटरांहूनही कमी असताना एवढा फरक पडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जिन्याच्या आणि टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही अधिक होत्या, कारण सगळ्यांचा रस्ता त्यांच्या दारावरून जाई.

दुसरा अभ्यास डार्टमथ या अमेरिकन महाविद्यालयातला. तिथे पहिल्या वर्षी खोलीतला जोडीदार जवळजवळ चिठ्ठ्या टाकूनच ठरे. ब्रूस सॅकरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये दाखवले, की जोडीदाराचा परिणाम मुलाच्या गुणांवर होतो आणि तो कोणत्या मंडळात शिरतो यावरही होतो. पदवीचा मुख्य विषय निवडण्यावर मात्र तो दिसला नाही. चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या हे इथे महत्त्वाचे. नाहीतर हुशार मुले हुशारांनाच जोडीदार निवडतात, आणि कोणामुळे कोण हुशार झाले ते कळत नाही.

हीच अडचण विद्यापीठांच्या बाबतीतही आहे. अमुक संस्थेचे पदवीधर जास्त पगार मिळवतात, हे संस्थेचे कर्तृत्व की आत घेतलेल्या मुलांचे? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये याचे उत्तर शोधायचा प्रयत्न केला. सारख्याच महाविद्यालयांत अर्ज करून सारख्याच ठिकाणी निवडल्या गेलेल्या, पण शेवटी वेगवेगळ्या ठिकाणी गेलेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. अधिक नामांकित जागी गेलेल्यांच्या मिळकतीत सर्वसाधारणपणे फरक दिसला नाही. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना मोठ्या संस्थेचा खरोखर फायदा झाला होता. दोन तुल्यबळ संस्थांतून एक निवडताना "चुकलो तर आयुष्याचे नुकसान" ही भीती किती खरी आहे, ते यावरून लक्षात यावे.

पन्नास टक्क्यांच्या खाली

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती दोन्हीकडे सारखी आहे. तिथे जाणारे प्रत्येक मूल आपापल्या शाळेत पहिले आलेले असते. वर्ग भरतो आणि पहिली परीक्षा होते. आता गणिताचा नियम असा आहे, की निम्मी मुले मध्यकाच्या खाली असणारच. ज्याने जन्मात दुसरा क्रमांक पाहिला नाही, तो एका आठवड्यात दोनशेवा होतो. त्याचे ज्ञान तेवढेच आहे. बदलली ती फक्त पट्टी. सुरुवातीला गुण न देण्यामागचा उद्देश हाच. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात आलेल्या मुलांचे असेच होते. त्यांतली काही हुशार मुले पहिल्या चाचणीनंतर मागच्या बाकावर सरकतात आणि वर्गात प्रश्न विचारणे सोडून देतात. अशा वेळी शेजारच्या खोलीत कोण राहतो, याला फार महत्त्व येते.

रायनर वाइस १९५० मध्ये एम.आय.टी.त शिकायला आले. तिसऱ्या वर्षी एका पियानो वाजवणाऱ्या तरुणीच्या ओढीने त्यांचा अभ्यास सुटला, ते नापास झाले आणि त्यांना संस्था सोडावी लागली. परत आले ते विद्यार्थी म्हणून नव्हे, तर जेरॉल्ड झकरायस यांच्या अणुकिरणांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. ही प्रयोगशाळा 'बिल्डिंग २०' या नावाच्या लाकडी फळ्यांच्या इमारतीत होती. महायुद्धात तात्पुरती म्हणून बांधलेली ही इमारत १९९८ पर्यंत उभी राहिली. तिच्या बोळांतून भौतिकशास्त्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि भाषाशास्त्रज्ञ एकमेकांना ओलांडून जात. वाइस तिथे काम शिकले, १९५५ मध्ये पदवीधर आणि १९६२ मध्ये डॉक्टर झाले, आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले.

कॅल्टेकचे किप थॉर्न यांची वाट सरळ होती. १९६२ मध्ये कॅल्टेकची पदवी, मग प्रिन्स्टन, मग पुन्हा कॅल्टेक. १९७५ मध्ये वॉशिंग्टनला एका बैठकीसाठी दोघे गेले. थॉर्न यांनी हॉटेलात खोली राखून ठेवलेली नव्हती, म्हणून वाइस यांनी त्यांना आपल्या खोलीत घेतले. दोघांनी रात्रभर गुरुत्वीय लहरींवर गप्पा मारल्या. पुढे दोन्ही संस्थांनी मिळून लायगो हा प्रकल्प उभारला. त्याच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. २०१७ चे नोबेल पारितोषिक एम.आय.टी.चे वाइस आणि कॅल्टेकचे बॅरिश व थॉर्न यांना मिळाले. वाइस ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. लायगोचे भारतातले केंद्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात व्हायचे आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

मग कुठे जावे?

माझे मत विचाराल तर सांगतो. भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र हेच करायचे असे ज्याचे ठरले आहे, ज्याला चार जिवाभावाचे मित्र पुरतात आणि गर्दीत जीव गुदमरतो, त्याने पॅसाडिनाला जावे. ज्याचे अजून ठरायचे आहे, ज्याला अभ्यासाबरोबर नाटक, तबला, नौका वल्हवणे असे दहा उद्योग हवेत आणि थंडी-बर्फाचे भय नाही, त्याने केंब्रिजला जावे. मुलींसाठी एके काळी हा हिशेब निराळा होता. एम.आय.टी.ने पहिली विद्यार्थिनी १८७० मध्ये घेतली. कॅल्टेकने पदवीच्या वर्गांचे दार १९७० मध्ये उघडले, बरोबर शंभर वर्षांनी! आता तो फरक उरलेला नाही. २०२४ मध्ये कॅल्टेकच्या नव्या वर्गात मुली निम्म्याहून अधिक होत्या.

खर्चाची गोष्ट मी शेवटी आणली, पण करताना ती आधी करा. दोन्हीकडून आलेली आर्थिक मदतीची पत्रे शेजारी ठेवून घरातल्या मोठ्यांबरोबर वाचा. आकड्यांत मोठा फरक असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवलेला बरा.

तो नसेल, तर तिथे शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना पत्र घाला. आपल्याकडून गेलेले कोणी ना कोणी दोन्हीकडे सापडते, आणि नवख्याला उत्तर द्यायला त्यांना आवडते. पण "संस्था कशी आहे?" असे विचारू नका, उत्तर "छान आहे" असेच येईल. काल रात्री कोणाबरोबर जेवलास, किती वाजता झोपलास, मागच्या आठवड्यात अडलेले गणित कोणाला विचारलेस, पहिल्यांदा नापास झालास तेव्हा कोणाकडे गेलास, असे विचारा. दोन्हीकडची उत्तरे कागदाच्या दोन बाजूंना लिहून काढा. होकार मात्र १ मेच्या आत, आणि एकाच संस्थेला कळवायचा असतो.